पलीकडे कोण ऐकतंय? आडवाटेच्या रेडिओची पार्श्वभूमी

डांबर सोडून जाणाऱ्या गाडीत रेडिओ बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती वॅटचा? आडरानात ज्या रेडिओंनी माणसं वाचवली, त्यांची ताकद मात्र बहुतेक वेळा मामुलीच होती.

ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन यांनी उभी केलेली विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लोनकरीहून सुरू झाली. डॉक्टर होते, विमान होतं; पण शेकडो किलोमीटरवरच्या एकाकी वस्तीतून निरोप धाडायचा कसा? तिथे ना वीज, ना तार. ॲडलेडच्या अल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ मध्ये तोडगा काढला तो सायकलच्या पेडलचा. टेबलाखाली छोटं जनित्र. खुर्चीत बसून पाय मारत राहायचं आणि हाताने मोर्सची कळ दाबायची. वीज मिळे ती वीसेक वॅट. मोर्स काही सगळ्यांच्या पचनी पडेना, तेव्हा ट्रेगरनी टाइपरायटरसारखा कळफलक केला. अक्षर दाबलं की ठिपके-रेघा यंत्रच पाठवी. पलीकडून उत्तर येई ते मात्र माणसाच्या आवाजात.

एवढ्याशा विजेवर हे चाललं, कारण शॉर्टवेव्ह लहरी वरच्या वातावरणातल्या आयनांच्या थरावरून परतून क्षितिजापार उतरतात. पण माझ्या मते खरी करामत दुसरीच: ठरलेल्या वेळी बेस स्टेशनवर कुणीतरी कान देऊन बसलेलं असे.

अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झवर सामान्य नागरिकांसाठी सीबीचे (सिटिझन्स बँड, म्हणजे नागरिकांचा रेडिओ) २३ चॅनल मिळाले. ताकद ४ वॅट. १९७३ चं तेलसंकट आलं, मागोमाग ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आणि डिझेल कुठे मिळतंय, पोलिस कुठे दबा धरून आहेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी सीबी उचलून धरला. गर्दी इतकी झाली की १९७७ मध्ये चॅनल ४० करावे लागले, आणि १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. डोंगरदऱ्यांत जीप घालणाऱ्यांनी हाच सेट घेतला. अडचण अँटेनाची. लहर ११ मीटरची, म्हणजे पाव लहरीची काठीही पावणेतीन मीटरच्या आसपास. झाडीत ती फांद्यांना अडकणारच. आखूड केली की पल्ला घटतो. नऊ नंबरचा चॅनल पुढे संकटासाठी राखीव झाला, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या रिॲक्ट या संघटनेचे स्वयंसेवक तो ऐकत बसत. चॅनल आजही राखीव आहे, पण ऐकणारे पूर्वीइतके राहिलेले नाहीत. सेट घेताना हे क्वचितच कुणी विचारात घेतं.

ऑस्ट्रेलियाने १९७७ मध्ये ४७७ मेगाहर्ट्झवर यूएचएफ, म्हणजे आखूड लहरींचा सीबी आणला. आवाज स्वच्छ, अँटेना बेताची. अमेरिकेत ४६२ मेगाहर्ट्झच्या जीएमआरएस या परवान्याच्या नागरी रेडिओसेवेवर गाडीत ५० वॅटपर्यंत मुभा आहे. परीक्षा नाही, फक्त परवाना. आकडा भारदस्त वाटतो, पण या लहरी जवळपास सरळ रेषेतच जातात. दोन्ही गाड्यांच्या अँटेना दोन मीटरवर असतील, तर सपाट मैदानात क्षितिजाचा हिशेब अकरा-बारा किलोमीटरचा. मध्ये टेकडी आली की ५ वॅट काय नि ५० काय, फरक थोडाच. त्यावरचा उपाय म्हणजे उंचावरचा रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा पुढे पाठवणारा संच. परीक्षा देऊन परवाना मिळवणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, तो कित्येक दशकं वापरत आले आहेत.

१९७२ मध्ये अलास्कात अमेरिकेचे दोन लोकप्रतिनिधी, हेल बॉग्ज आणि निक बेगिच, विमानासह बेपत्ता झाले. ३९ दिवस शोधूनही काही हाती लागलं नाही. संकटातल्या माणसाची हाक वरून ऐकण्याच्या कल्पनेला त्यानंतर जोर आला. कॉस्पास-सारसॅट ही संकटाचे संदेश उपग्रहांनी पकडणारी व्यवस्था शीतयुद्धाच्या ऐन काळात अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उभी केली, आणि १९८२ मध्ये सोव्हिएत उपग्रहाने पकडलेल्या संदेशामुळे कॅनडात कोसळलेल्या विमानातले तिघे वाचले. आज खिशात मावणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा संदेश धाडणारा छोटा संच, साधारण ५ वॅटनेच हाक मारतो. डोक्यावरचं आकाश मोकळं असलं की पुरे. उपग्रहांचा कान चोवीस तास उघडा असतो.

बीकन बोलत नाही, त्यामुळे ताफ्यातल्या गाड्यांना एकमेकींसाठी यूएचएफ लागतोच. हाक पोचली की नाही, हेही बीकनवाल्याला बरीच वर्षं कळत नसे. २०२० पासून युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी परतीचा निरोप सुरू केला. ती सोय असलेल्या बीकनवर एक दिवा लागतो: ऐकलं.