मुलगा विद्यापीठात, जीव घरी टांगणीला: पालकांनी कुठे आणि कसा अर्ज करावा

चतुर्थीला मुलगा गोव्यातल्या ताळगावच्या हॉस्टेलवरून घरी आला, गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली अर्धा तास बसला आणि दुसऱ्याच दिवशी "असाइनमेंट आहे" म्हणत परतला. आता फोन केला की "बरा आहे" एवढेच. डिचोली-काणकोणहून बस पकडून आई-बाबा ऑफिसच्या खिडकीपाशी पोचतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "मुलाची सही आहे?"

१८ पूर्ण झाले की अर्जदार तोच. फी बाबा भरत असले तरीही. मात्र काही दारे पालकांनाही उघडी आहेत.

जिवाला धोका वाटत असेल तर कागद बाजूला ठेवा. ११२ किंवा १०८ लावा, वॉर्डनला उठवा. मन खचल्यासारखे वाटत असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत. काळजीत असलेल्या आईनेही फोन करावा, रुग्णानेच करावा असे नाही. प्रत्यक्ष तपासणीसाठी बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. सज्ञान मुलाने डॉक्टरांना काय सांगितले, ते त्याच्या संमतीशिवाय सहसा तुम्हाला कळणार नाही. याचा राग येतो, पण या गुप्ततेमुळेच मुले तिथे तोंड उघडतात.

रॅगिंगचा संशय असेल तर पालक स्वतः तक्रार करू शकतात: १८००-१८०-५५२२, नाव न सांगताही. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर मुलाबरोबर तुमचीही सही घेतली होती, आठवते? बहुतेकांनी ती न वाचताच केली. लैंगिक छळाची तक्रार विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे, घटनेपासून साधारण तीन महिन्यांच्या आत. पीडित व्यक्ती शारीरिक वा मानसिकदृष्ट्या तक्रार करण्याच्या स्थितीत नसेल, तर नातेवाईक करू शकतात.

निकाल लांबला, शिष्यवृत्ती अडली, मूळ कागदपत्रे अडवून ठेवली, अशा गोष्टींसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. हा अर्ज मुलानेच करायचा. सोबत ओळखपत्राची प्रत, नोंदणी क्रमांक, फीची पावती आणि तारीखवार घडलेला प्रकार. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट छापून जोडा, नुसता मोबाईल दाखवून भागत नाही. "माझ्या वतीने माझी आई चौकशी करील, माझी हरकत नाही" अशी एक ओळ मुलाच्या हस्ताक्षरात, सही-तारखेसह घेऊन ठेवा. खिडकीवर वाद घालण्यापेक्षा ती चिठ्ठी जास्त कामाची. ती मागताना मात्र दरडावू नका. मुलगा चिडला तर सहीही गेली आणि बोलणेही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत मुलाने विद्यार्थ्यांच्या लोकपालाकडे अपील करावे. शिक्का मारलेली प्रत तिथेही जोडावी लागेल, म्हणून ती घरी फाईलमध्ये ठेवा, हॉस्टेलच्या गादीखाली नको.