पोटाला न सोसणारा पदार्थ कसा शोधावा

दूध बंद, गहू बंद, कांदा-लसूण बंद, तरी जेवणानंतर पोट फुगतंच. अशा अवस्थेत आहारसल्ल्याला येणाऱ्या ग्राहकांना आमची पहिली विनंती असते की आणखी काही बंद करू नका. एकदम पाच पदार्थ सोडले की नेमका कोणता बाधत होता ते कळायला मार्ग उरत नाही, आणि ताट मात्र रिकामं होत जातं.

आधी ॲलर्जी वेगळी काढू. अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, धाप लागणं ही लक्षणं बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात, आणि तिथे पदार्थाचा कणही धोक्याचा ठरू शकतो. अशांनी पुढचे प्रयोग घरी मुळीच करू नयेत. श्वास अडकत असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावं. पदार्थ न सोसणं निराळं. गॅस, मुरडा, जुलाब होतात, पण बहुतेकांना थोडं प्रमाण चालतं. ते किती, हेच शोधायचं असतं.

लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम लागतं. ते कमी पडलं की लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, पाणी ओढून घेतं आणि जिवाणू ते आंबवून वायू करतात. 100 मिली दुधात सुमारे 5 ग्रॅम लॅक्टोज असतं. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅम, म्हणजे पेलाभर दूध, फारशा त्रासाविना चालतं. जेवणासोबत घेतलं तर अधिक सहज. दह्यातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात, आणि मुरवलेल्या कडक चीजमध्ये ते जवळपास उरत नाही. लॅक्टोजमुक्त दुधात प्रथिनं तशीच असतात, म्हणून दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी ते घेऊ नये.

कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टान (एक प्रकारची कर्बोदकं) कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. नाजूक पोटाला त्यांचा वायू जास्त जाणवतो, एवढंच. ते पाण्यात विरघळतात, तेलात नाही. त्यामुळे लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून, पाणी घालण्याआधी काढून टाका: स्वाद राहतो. रश्शात उकळलेली पाकळी नंतर वेचून उपयोग नाही. असं तेल त्याच वेळी वापरा, साठवू नका. त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. कडधान्यांतली वायू करणारी कर्बोदकंही काही प्रमाणात पाण्यात उतरतात, म्हणून ती भिजवून ते पाणी टाकून द्या. साखरमुक्त च्युइंगममधलं सॉर्बिटॉल हे गोडीचं द्रव्यही पोट बिघडवू शकतं, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

आता शोध. आठवडाभर नोंद ठेवा: काय, किती, केव्हा खाल्लं आणि त्रास केव्हा झाला. मोठ्या आतड्यातलं आंबणं काही तासांनी सुरू होतं, म्हणून दुपारच्या त्रासाचं मूळ सकाळच्या खाण्यात असू शकतं. शेवटच्या घासाला दोष देण्याची घाई इथेच नडते. मग एकच संशयित पदार्थ दोन ते तीन आठवडे थांबवा. फरक पडला नाही तर तो परत सुरू करा. फरक पडला तर तीन दिवस वाढत्या प्रमाणात घेऊन पाहा. दूध असेल तर 60, 120, 240 मिली. चाचणीला साधं दूधच घ्या. मिश्र पदार्थ खाल्ला तर त्यातलं काय बाधलं ते समजणार नाही. त्रास झाला की थांबा, पोट पूर्ण शांत होऊ द्या, मग निम्म्या प्रमाणावर या. दूध कायमचं कमी होणार असेल तर कॅल्शियम दुसरीकडून मिळेल हे पाहा.

गव्हाचा संशय असेल तर तो बंद करण्याआधी डॉक्टरांकडून सीलिॲक रोगाची (यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर रक्तातली प्रतिपिंडं कमी होतात आणि रोग असूनही तपासणी कोरी येऊ शकते. आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) तपासणीवरून लांबलचक ‘वर्ज्य’ यादी देतात, तिच्यावर पैसे घालवू नका. ती प्रतिपिंडं नेहमीच्या खाण्यामुळेही दिसतात.

शौचात रक्त, विनाकारण वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर आहाराचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना भेटा. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांचे पदार्थ स्वतःहून बंद करू नका.

भेटीला येताना नोंदवही आणि चालू औषधांची यादी आणा. बऱ्याच गोळ्यांत भरण म्हणून लॅक्टोज असतं. ते सहसा अगदी थोडं असतं, त्यामुळे त्या धास्तीने औषध मनानेच थांबवू नका.