चर्चच्या दारातलं ‘आमिष’

संध्याकाळच्या शिकवणीत मुलांच्या हातावर ठेवलेलं केळं गुन्ह्याचा पुरावा ठरेल का, असा विचार बेळगावातल्या चर्चच्या पाळकांनी डिसेंबर २०२१ च्या आधी क्वचितच केला असेल. त्या महिन्यात इथल्याच सुवर्ण विधानसौधात भरलेल्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनात धर्मस्वातंत्र्याच्या संरक्षणाचं म्हणून, आमिष दाखवून धर्मांतर घडवणं गुन्हा ठरवणारं एक विधेयक विधानसभेत मंजूर झालं आणि ‘आमिष’ हा शब्द चर्चच्या दारात येऊन बसला. चर्चने आजूबाजूच्या वस्तीसाठी काय करावं, यापेक्षा ते कसं दिसेल, याचीच काळजी तेव्हापासून जास्त.

जुना इतिहास बेळगावकरांना ठाऊक आहे. लंडन मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी १८२० मध्ये इथे काम सुरू केलं, १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. कॅम्पातली कॅथलिकांची शाळा १८५६ ची, छावणीतलं दगडी चर्च १८६९ चं. शाळा हे सेवेचं पहिलं साधन, आणि ते इतकं मुरलं की ‘मिशन’ म्हटल्यावर जुन्या बेळगावकराला धर्म आठवत नाही, छडी आणि हस्ताक्षर आठवतं.

सीमेची गंमत पुढची. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला, तेव्हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. तीन वर्षांनी राज्यं नव्याने आखली गेली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं. चंदगडच्या बाजूची धर्मप्रांताची रेघ मात्र कोणी हलवली नाही. आजही चंदगडच्या कॅथलिकांचे बिशप बेळगावातच बसतात. भाषेचं कोडं तेवढं सोपं नव्हतं. कॅथलिकांची उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिनमध्ये होती तोवर ती कोणालाच कळत नव्हती, त्यामुळे भांडणही नव्हतं. साठच्या दशकात मिस्सा लोकभाषेत आली आणि लोकभाषा कोणती, हा सीमाभागाचा ठसठसता प्रश्न वेदीपर्यंत पोचला. कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी. तोडगा अगदी व्यवहारी निघाला: वेळा वाटून घ्या. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, इथे निम्मं गाव काळा दिन पाळतं आणि निम्मं राज्योत्सव करतं, तिथे एकाच बाकावर सकाळी एक भाषा आणि तासाभराने दुसरी, हे मला थोडं काम वाटत नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर आला तेव्हा वाटून घेण्याची ही सवय कामी आली. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम चढल्या, महामार्ग निपाणीपुढे तुंबला. मी गेलो होतो त्या गावातल्या चर्चने बाक भिंतीला उभे करून सतरंज्या अंथरल्या होत्या. वेदीच्या पायरीवर ओल्या रेशनकार्डांची रांग वाळत होती, प्रत्येकावर एकेक खडा ठेवलेला. भाकऱ्या शेजारच्या वाड्यांतून येत, पिठलं चर्चच्या मागच्या चुलीवर शिजत होतं. त्या चार दिवसांत कोणी कोणाला धर्म विचारला नाही. तिखट चालतं का, एवढंच विचारलं.

मग आला तो शब्द. मुळात आमिष म्हणजे मांस. जेवणाला आपण सामिष म्हणतो ते त्यावरूनच, आणि गळाला लावलेल्या तुकड्यालाही आमिष. विधेयकाने त्यात भेटवस्तू, सहज मिळणारा पैसा, नोकरी, लग्नाचं वचन यांच्याबरोबर धार्मिक संस्थेच्या शाळा-कॉलेजातलं मोफत शिक्षणही घातलं, आणि ‘अधिक चांगलं राहणीमान’ही. मोफत शिकवणं हाच गुन्हा, असं कलम म्हणत नाही, हे बाजूने बोलणारे सांगतात आणि ते बरोबर आहे. धर्मांतरासाठी वापरलं तरच ते आमिष. पण हेतू ओळखायचा कसा? तक्रार रक्ताच्या नातेवाइकालाच करता येते असं नाही, सहकाऱ्यालाही करता येते. आपण आमिष दाखवलं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. तीन ते पाच वर्षांची कैद. व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीतली असेल तर दहापर्यंत. आता सीमाभागातल्या कोणत्याही चर्चच्या शिकवणीत कोण बसतं ते पाहा: शेतमजुरांची, गवंड्यांची, विडी वळणाऱ्या बायकांची मुलं. म्हणजे मदतीची सर्वांत जास्त गरज जिथे, तिथेच शिक्षा सर्वांत कडक. फसवून धर्म बदलायला लावणारे कोणी नसतातच, असं मी म्हणणार नाही. पण राहणीमान सुधारणं हे आमिषाच्या यादीत बसवल्यावर सरकारी योजना सोडून बाकी सगळीच समाजसेवा संशयित ठरते.

विधेयक विधान परिषदेत लगेच गेलं नाही. मे २०२२ मध्ये अध्यादेश निघाला, सप्टेंबरमध्ये परिषदेची मंजुरी मिळाली. सरकार बदललं आणि जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचं ठरवलं. भीती मात्र मंत्रिमंडळाच्या ठरावाने जात नाही. मधल्या काळात चर्चनी आपल्या कामाचा घाट बदलला होता. रक्तदान शिबिर एकट्याने न घेता गल्लीतल्या गणेश मंडळाला बरोबर घ्यायचं. शिवणवर्ग चर्चच्या सभागृहातून समाजमंदिरात हलवायचा. सुगीच्या सणाला अर्पण आलेल्या भोपळ्या-कोंबड्यांचा लिलाव पूर्वी मंडळीपुरता असे. एका ठिकाणी तो फाटकाबाहेर मांडला, शेजारचा किराणावाला भोपळ्याची बोली चढवत बसला, आणि ते पैसे अंगणवाडीच्या पत्र्यांना गेले. ही कल्पकता भीतीपोटी आली, पण आली.

माझ्या ओळखीच्या एका पाळकांनी शिकवणी बंद केली नाही. दाराशी मराठी आणि कन्नडमध्ये छापलेला पालकांच्या सहीचा फॉर्म ठेवला आहे, आणि महिन्याला वीस रुपये फी लावली आहे. मोफत म्हणायला नको म्हणून. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे कोणी मागत नाही. पावतीपुस्तक मात्र रोज टेबलावर उघडं असतं, केळ्यांच्या घडाशेजारी.