ब्रह्महृदय (आल्फा ऑरिगी)

सारथी तारकासमूहातील सर्वांत तेजस्वी तारा; कॅपेला या नावानेही ओळखला जातो. विषुवांश (आकाशातील पूर्व-पश्चिम स्थान) ५ ता. १७ मि., क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) +४६°. प्रत (दिसणाऱ्या तेजस्वितेचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) ०.०८ असून रात्रीच्या आकाशात तेजस्वितेच्या क्रमाने सहावा. महाराष्ट्रातून जानेवारीअखेरीस रात्री नऊच्या सुमारास उत्तर क्षितिजापासून सुमारे ६३° उंचीवर पिवळसर दिसतो. अंतर सु. ४२.९ प्रकाशवर्षे. नुसत्या डोळ्यांना तो एकच ठिपका वाटतो. प्रत्यक्षात चार ताऱ्यांची ही प्रणाली आहे. जवळचे दोन महातारे आणि त्यांच्यापासून फार दूर असलेले दोन तांबडे खुजे तारे तिच्यात येतात.

सूर्यसिद्धान्त या प्राचीन भारतीय ज्योतिषग्रंथात ब्रह्महृदयाचा ध्रुवक (क्रांतिवृत्तावरील, म्हणजे सूर्याच्या भासमान मार्गावरील, स्थान) वृषभेचा २२ वा अंश (५२°) आणि विक्षेप (त्या मार्गापासूनचे अंतर) ३०° उत्तर दिला आहे. कॅपेलाचा प्रत्यक्ष शर (क्रांतिवृत्ताला लंब दिशेने मोजलेले अंतर) सु. २३° आहे. ध्रुवक-विक्षेप हे खगोलीय ध्रुवातून जाणाऱ्या वर्तुळावर मोजले जात असल्याने थोडा फरक अपेक्षितच असतो, पण तो येथे अर्ध्या अंशाच्या आसपास येतो. सात अंशांची तफावत त्याने भरून निघत नाही. तरीही ब्रह्महृदय म्हणजे कॅपेला ही ओळख बदलण्याचे कारण दिसत नाही. त्याच ग्रंथात ब्रह्महृदयाच्या पूर्वेस ५° वर सांगितलेला प्रजापती हा तारा सामान्यतः डेल्टा ऑरिगी मानतात. त्याचा दिलेला विक्षेप ३८° असून प्रत्यक्ष शर ३१° च्या जवळ आहे, म्हणजे फरक पुन्हा सातच अंशांचा. दोन्ही आकडे एकाच सदोष मोजणीतून किंवा परंपरेतून आले असावेत, हे मत अधिक पटते.

तारा जुळा असल्याचे १८९९ मध्ये लिक वेधशाळेत कॅम्बेल व केंब्रिजला न्यूऑल यांना स्वतंत्रपणे आढळले. वर्णपटातील रेषांचे दोन संच एकमेकांच्या उलट दिशांनी सरकत होते. पुढच्याच वर्षी ग्रिनिच वेधशाळेच्या काही निरीक्षकांनी २८ इंची दुर्बिणीतून तारा लांबट दिसल्याचे कळवले. लिकच्या ३६ इंची दुर्बिणीतून मात्र तसे काही दिसेना. दोन घटकांमधील कोनीय अंतर जेमतेम ०.०५ विकला (१ विकला = अंशाचा ३,६०० वा भाग) आहे आणि २८ इंची भिंगाची विभेदनक्षमता (दोन ठिपके वेगळे दाखवण्याची मर्यादा) सु. ०.१६ विकला, हे पाहता ग्रिनिचचा दावा सावधपणेच घ्यावा लागतो. प्रश्न निकालात निघाला तो डिसेंबर १९१९ मध्ये, माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीवर. अँडरसन यांनी प्रकाशाच्या वाटेत दोन फटींची पट्टी बसवली. पट्टी फिरवत नेली की व्यतिकरणाचे (दोन फटींतून आलेले प्रकाशतरंग एकमेकांत मिसळून उमटणारे) पट्टे ठराविक स्थितीत पुसट होत आणि पुढे पुन्हा उमटत. त्या स्थितीवरून घटकांचे अंतर व दिशा दोन्ही काढता आली. मेरिल यांनी हे वेध पुढे चालू ठेवले. युग्मताऱ्याचे व्यतिकरणाने घेतलेले हे पहिले मोजमाप होय. १९९५ मध्ये स्वतंत्र दुर्बिणींचा प्रकाश जुळवून केंब्रिजमध्ये दृश्य प्रकाशातली पहिली प्रतिमा घेतली, तीही याच ताऱ्याची.

दोन्ही महातारे जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत १०४ दिवसांत एक फेरी पुरी करतात. परस्पर अंतर सु. ११ कोटी किमी., म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या पाऊणपट. अलीकडच्या विश्लेषणानुसार त्यांची वस्तुमाने सूर्याच्या सु. २.५७ व २.४८ पट, त्रिज्या १२ व ८.८ पट, पृष्ठतापमाने सु. ४,९७० व ५,७३० केल्विन आणि एकूण दीप्ती सु. ७९ व ७३ पट आहे. दृश्य प्रकाशात मात्र कमी वस्तुमानाचा, अधिक तप्त घटक किंचित उजळ असल्याने ‘मुख्य’ कोणता याविषयी जुन्या लेखनात गोंधळ आढळतो. हा घटक सु. ८.५ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे त्याच्या वर्णरेषा पसरट दिसतात आणि त्याचे वस्तुमान नेमके काढणे दीर्घकाळ अवघड गेले.

वस्तुमानांतला फरक ४ टक्क्यांच्या आतबाहेर असूनही दोघांची अवस्था भिन्न आहे. जड ताऱ्याच्या गाभ्यात हेलियमचे ज्वलन चालू असावे. दुसरा मुख्य श्रेणी (गाभ्यात हायड्रोजन जळण्याची अवस्था) सोडून तांबड्या महाताऱ्याच्या वाटेवर, तुलनेने फार अल्पकाळ टिकणाऱ्या टप्प्यात आहे. लिथियमचे प्रमाण या मताला बळकटी देते : दुसऱ्यात ते भरपूर, तर पहिल्यात खोलवरच्या अभिसरणाने (वायूच्या वर-खाली घुसळण्याने) ते आत ओढले जाऊन क्षीण झालेले दिसते. वय ६० कोटी वर्षांच्या आसपास धरतात. ही प्रणाली क्ष-किरणांचा ठळक उगम असून चंद्रा वेधशाळेची उपकरणे जुळवताना तिचा संदर्भ म्हणून उपयोग होतो.

फुरुहेल्म यांनी १९१४ मध्ये सु. १२ कला (१ कला = अंशाचा ६० वा भाग) अंतरावर समान स्वगती (आकाशात हळूहळू सरकण्याची गती) असलेला मंद तारा शोधला. १९३६ मध्ये स्टर्न्स यांना तो स्वतः जुळा असल्याचे आढळले. महाताऱ्यांपासून हे तांबडे जोडपे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सु. ९,५०० पट दूर असून परस्परांभोवतीच्या एका फेरीला त्यांना काही शतके लागतात. जुन्या सूचींत नोंदलेले इतर ‘सोबती’ केवळ दृष्टिरेषेत आलेले तारे आहेत.