टेबल सॉ घेताय? मोटरच्या आधी फेन्स पाहा

टेबल सॉच्या, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणाऱ्या यंत्राच्या, जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला आकडा मोटरच्या ताकदीचा असतो आणि घरच्या कामासाठी सॉ घेणारे बरेच जण त्याच आकड्यावर निर्णय घेतात. हा क्रम उलटा आहे. काप सरळ येतो का, कडा जळतात का आणि बोटं शाबूत राहतात का, हे सगळं लाकूड पात्याला समांतर सरकतं की नाही यावर ठरतं. ही समांतरता सांभाळणारे भाग तीन: पात्यामागचा रायव्हिंग नाइफ, पात्याचा आस धरून ठेवणारा सांगाडा आणि फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवतात ती टेबलावरची सरळ आडपट्टी. मोटरचा नंबर त्यांच्यानंतर.

पात्याजवळ काय घडतं ते आधी पाहू. २५४ मिमी व्यासाचं, म्हणजे दहा इंची, पातं मिनिटाला ४,००० फेरे घेतं तेव्हा दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर असतो, ताशी १९० किलोमीटर. पुढचे दाते खाली जात असतात, त्यामुळे ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते मात्र खालून वर येत असतात. लाकूड किंचित तिरकं होऊन या मागच्या दात्यांना टेकलं, की दाते ते उचलतात आणि पात्यावरून थेट कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. तो एवढ्या झपाट्यात होतो की माणसाला काही करायला वेळच मिळत नाही. हात लाकडावर दाबलेला असेल तर लाकडाबरोबर तोही पात्याकडे ओढला जातो.

लाकूड मागच्या दात्यांना टेकण्याची नेहमीची कारणं दोन. फेन्स मागच्या टोकाला पात्याकडे झुकलेलं असेल तर लाकूड पातं आणि फेन्स यांच्यात आवळलं जातं. दुसरं कारण लाकडातच असतं. नीट न वाळलेल्या किंवा वाकड्या वाढलेल्या लाकडात ताण साठलेला असतो. ते लांबीत चिरलं की तो ताण मोकळा होतो, कापाच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे येतात आणि पात्याला मागून चिमटतात.

रायव्हिंग नाइफ असतो तो यासाठी. पात्याच्या मागे, दात्यांपासून काही मिलिमीटरवर उभी असलेली ही पोलादी पट्टी पात्याबरोबरच वर-खाली होते आणि त्याच्याबरोबरच कलते. चिरलेल्या दोन बाजू ती मिटू देत नाही आणि लाकूड मागच्या दात्यांपर्यंत पोहोचू देत नाही. तिचं वरचं टोक पात्याहून जरा खाली असतं, म्हणून आरपार न जाणाऱ्या खाचा पाडतानाही ती काढावी लागत नाही. जुन्या यंत्रांवरचा स्प्लिटर पात्याबरोबर वर-खाली होत नाही. पातं खाली केलं की दोघांत मोठी फट राहते आणि खाच पाडायची तर स्प्लिटर काढून ठेवावा लागतो. एकदा काढलेला स्प्लिटर पुन्हा बसवायचा राहून जातो, ही खरी अडचण. खरा रायव्हिंग नाइफ नसलेला टेबल सॉ घरासाठी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जुनं यंत्र कितीही दणकट असलं तरी ही सोय नंतर बसवणं क्वचितच जमतं.

नाइफची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दात्यांच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. उदाहरणार्थ, पत्रा १.८ मिमी, नाइफ २.२ मिमी आणि दाते २.६ मिमी ही जोडणी बरोबर. याच नाइफवर २.० मिमी दात्यांचं पातळ पातं लावलं तर लाकूड नाइफला अडतं, आणि अडलेलं लाकूड जोर लावून ढकलायच्या नादात हात घसरतो. नाइफवर बहुधा त्याची जाडी आणि चालणाऱ्या पात्यांचं माप कोरलेलं असतं. पातं विकत घेण्याआधी ते वाचावं.

बोट लागताच पातं थांबवणारी यंत्रणाही आता मिळते. स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्रज्ञाने ती १९९९ मध्ये तयार केली आणि पुढे 'सॉस्टॉप' या नावाने तिची यंत्रं बाजारात आली. पात्यावर अगदी क्षीण विद्युत संकेत सतत सोडलेला असतो. कोरडं लाकूड वीज फारशी वाहून नेत नाही, शरीर मात्र नेतं. त्यामुळे त्वचा टेकताच संकेत घटतो, स्प्रिंगच्या जोराने ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि सुमारे पाच मिलिसेकंदांत पातं थांबतं. बोटावर बहुतेक वेळा ओरखडाच उरतो. ठोकळ्याचं कार्ट्रिज बदलावं लागतं आणि पातंही सहसा वाया जातं. ओलं लाकूड किंवा लाकडातला खिळा यांनीही ब्रेक सुटू शकतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये त्या देशात पातं लागून झालेल्या सुमारे ३० हजार जखमांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात उपचार झाले. ते पाहता ऐपत असेल तर हा खर्च सार्थ आहे. पण किकबॅकमध्ये उडालेल्या लाकडाचं ही यंत्रणा काहीच करत नाही. नाइफ तिथेही लागतोच.

आता सांगाडा. पात्याचा आस, त्याची बेअरिंगं आणि कलण्याची यंत्रणा ज्या कमानदार भागांवर बसते त्यांना ट्रनियन म्हणतात. ते कशाला जोडलेले आहेत यावर यंत्राचा प्रकार आणि तुमची पुढची डोकेदुखी ठरते. सुटसुटीत जॉबसाइट सॉ २० ते ४५ किलोचे असतात, टेबल ॲल्युमिनियमचं असतं आणि आतली जुळवणी करायला फारसा वाव नसतो. काँट्रॅक्टर सॉमध्ये मोटर मागे लटकते आणि ट्रनियन टेबलाच्या खालच्या अंगाला बोल्टने बसवलेले असतात. पातं समांतर करायचं तर टेबलाखाली वाकून बोल्ट सैल करून जड ट्रनियन ठोकत सरकवावे लागतात, आणि बोल्ट आवळताना ते पुन्हा हलतात. कॅबिनेट सॉचे ट्रनियन खालच्या पेटीला जोडलेले असतात. तिथे टेबलाच्या चारपैकी तीन बोल्ट सैल करून टेबलच हलक्या हाताने ठोकून फिरवलं की काम होतं. मात्र हे यंत्र २०० किलोच्या पुढे जाऊ शकतं. हायब्रिड सॉ या दोघांच्या मधला असतो, आणि त्यात ट्रनियन कुठे आहेत ते मॉडेलनुसार बदलतं. खाली वाकून स्वतः पाहावं.

समांतरता तपासायला पाच मिनिटं पुरतात आणि ही तपासणी विकत घेण्याआधीच करावी. प्लग काढा. पातं पूर्ण वर घ्या आणि एका दात्यावर पेनने खूण करा. मायटर गेजला (टेबलावरच्या खाचेतून सरकणाऱ्या, आडव्या कापासाठीच्या टेकूला) लाकडाची पट्टी घट्ट बांधा आणि तिचं टोक खुणेच्या दात्याला पुढच्या बाजूला जेमतेम टेकवा. आता पातं हाताने फिरवून तोच दाता मागे न्या, गेज खाचेतून मागे सरकवा आणि पट्टी व दात्यातली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या मापकाने, मोजा. दाता तोच वापरायचा, कारण पातं जरा वाकलेलं असेल तर दुसऱ्या दात्यावर घेतलेलं माप फसवं निघतं. पुढच्या-मागच्या मापात ०.१ मिमीपर्यंत फरक असेल तर ठीक. जास्त असेल तर जुळवणी हवी. हीच तपासणी पातं ४५ अंशांत कलवूनही करा. काटकोनात बरोबर आणि कलल्यावर चुकीचं निघालं तर टेबल एका बाजूला वर किंवा खाली बसलं आहे. तिथे पातळ पत्र्याची पाचर घालावी लागते.

फेन्स हे घरच्या कामात सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं साधन. चांगलं फेन्स पुढच्या रुळावर आवळताच आपोआप काटकोनात बसतं. ते २०० मिमीवर लावा, आवळा, पात्यापासूनचं अंतर पुढे आणि मागे मोजा. मग सोडून, दूर नेऊन पुन्हा २०० वर आणा. असं चार-पाच वेळा केल्यावर माप दरवेळी तेच यायला हवं. आवळलेल्या फेन्सचं मागचं टोक अंगठ्याने जोरात बाजूला दाबा. ते दिसण्याइतकं सरकत असेल तर लाकडाच्या दाबानेही सरकेल. मागचं टोक पात्यापासून ०.०५ ते ०.१ मिमी दूर असलेलं चालतं. पात्याकडे झुकलेलं अजिबात चालत नाही.

फेन्स किती दूर जावं? ६०० मिमीच्या थोडं पुढे गेलं तरी १,२२० मिमी रुंदीचा प्लाय मधोमध चिरता येतो आणि बहुतेक घरांना तेवढं पुरतं. अख्खा प्लाय एकट्याने टेबल सॉवर सरकवणं तसंही धोक्याचं. आधी हातातल्या सर्क्युलर सॉने आणि सरळ पट्टीच्या आधाराने त्याचे तुकडे करावेत. जागा मोजताना यंत्राचं माप धरू नका, लाकडाचं धरा. २.४ मीटर लांबीची फळी चिरायला पात्याच्या पुढेही तेवढी जागा लागते आणि मागेही.

मोटरकडे आलो. पाटीवरचे सगळेच वॉट सारखे नसतात. पी १ म्हणजे मोटर विजेतून किती घेते आणि पी २ म्हणजे आसाला किती देते. तुलना पी २ ची करावी. एस १ म्हणजे सतत भार चालतो. एस ६ ४० टक्के म्हणजे दहा मिनिटांत चार मिनिटं भार आणि सहा मिनिटं रिकामं फिरणं. म्हणून '२,००० वॉट एस ६' हे यंत्र '१,५०० वॉट एस १' पेक्षा ताकदवान असेलच असं नाही. जॉबसाइट सॉच्या युनिव्हर्सल मोटरला कार्बन ब्रश असतात, ती हलकी पण फार गोंगाटी असते. मोठ्या यंत्रांतली इंडक्शन मोटर शांत आणि जड, पण सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. पातळ, लांब एक्स्टेन्शन वायरवर तिचं व्होल्टेज पडतं, मोटर रेंगाळत सुरू होते आणि तापते. २.५ चौ. मिमीची आखूड वायर वापरा, गुंडाळी पूर्ण उलगडून.

कमी ताकद बऱ्याच अंशी पात्याने भरून काढता येते. ३.२ मिमी रुंदीच्या दात्यांऐवजी २.४ मिमीचे घेतले तर भुसा होणारं लाकूड पाव हिश्श्याने कमी होतं आणि मोटरवरचा भारही साधारण तेवढाच उतरतो. लांबीत चिरायला २४ दाते, आडव्या कापाला ६० ते ८०, आणि एकच पातं ठेवायचं असेल तर ४० ते ५०. साठ दात्यांच्या पात्याने जाड सागवान चिरलं तर दात्यांमधल्या लहान फटींत भुसा मावत नाही, घर्षण वाढतं आणि कडा काळ्या पडतात. कडा जळत असतील तर आधी पातं साफ करा, मग धार पाहा, मग फेन्सची समांतरता. मोटर शेवटी. यंत्राबरोबर आलेलं पातं बहुतेकदा सुमारच असतं, म्हणून चांगल्या पात्याचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत. पात्याच्या भोकाचं माप आसाशी जुळतं का तेही पाहावं: ३०, २५.४ आणि १५.८८ मिमी अशी तिन्ही मापं चालतात.

मायटर गेजची खाच १९ मिमी रुंद आणि ९.५ मिमी खोल असेल तर तयार जिग (लाकूड ठरल्या स्थितीत धरणारे साचे) आणि गेज सहज बसतात. वेगळ्या मापाची असेल तर सगळं स्वतः बनवावं लागतं. राहिला भुसा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, त्यामुळे धूळ ओढून घ्यायची सोय चैन समजू नये. बंद पेटी आणि १०० मिमीचं तोंड असलेलं यंत्र धूळ ओढणाऱ्या मोठ्या यंत्राला जोडता येतं. मागून उघड्या काँट्रॅक्टर सॉला पुठ्ठा किंवा प्लाय कापून मागची बाजू झाकावी लागते, आणि ते झाकण पातं कलवताना मोटरच्या आड येणार नाही अशा बेताने काढता-घालता येणारं ठेवावं.