नॉर्थ कॅरोलायनातील शेतजमीन राखण्याच्या दोन योजना: व्हीएडी आणि ईव्हीएडी

अमेरिकेतील कोणत्या राज्याची किती शेतजमीन २०४० पर्यंत शेतीतून जाऊ शकते, याचा जो अंदाज अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट या संस्थेने केला आहे, त्यात टेक्सासच्या खालोखाल नॉर्थ कॅरोलायनाचे नाव येते. ही जमीन राखण्यासाठी त्या राज्यातील काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रशासनांना कायद्याने दोन ऐच्छिक योजना राबवता येतात. ‘व्हॉलंटरी ॲग्रिकल्चरल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे व्हीएडी ही जुनी योजना आहे, तर ‘एन्हान्स्ड व्हॉलंटरी ॲग्रिकल्चरल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे ईव्हीएडी ही २००५ मध्ये तिच्या जोडीला आली. नावे इतकी सारखी आहेत की एकीचे नियम दुसरीला लावले जाणे सहज शक्य आहे, आणि तसे झाल्यास नुकसान जमीनमालकाचे होते.

गोंधळाचे मोठे कारण म्हणजे दोन्हींची मुदत. दोन्हींत जमीनमालक काउंटीशी किमान १० वर्षांचा संवर्धन करार करतो, त्या काळात जमिनीचा बिगरशेती वापर करणार नाही असे मान्य करतो आणि नियमांत बसणारे जास्तीत जास्त तीन भूखंड पाडण्याची मुभा तेवढी स्वतःकडे ठेवतो. खरा फरक या करारातून बाहेर पडण्याच्या हक्कात आहे. व्हीएडीमधील मालक काउंटीला लेखी कळवून मुदतीआधी करार मागे घेऊ शकतो. जमिनीला मिळालेला दर्जा आणि त्यासोबतचे लाभ तेवढे जातात. ईव्हीएडीचा करार मात्र ठरलेली मुदत संपेपर्यंत मागे घेता येत नाही आणि जमीन विकली गेली तरी तो नव्या मालकावर सहसा बंधनकारक राहतो.

सहज मोडता येणारा करार जमिनीचे रक्षण कसे करणार, ही शंका रास्त आहे. व्हीएडीचे बळ मालकाला बांधून ठेवण्यात नसून इतरांना थांबवून ऐकायला लावण्यात आहे, असे मला वाटते. जवळपासच्या जमिनीच्या नोंदींत शेजारी शेती असल्याची सूचना येते, त्यामुळे घर घेणाऱ्याला वास, धूळ आणि यंत्रांचा आवाज यांची कल्पना आधीच मिळते. काउंटीच्या नियमांत तरतूद असेल तर पाणी व सांडपाणी वाहिन्यांची आकारणी शेत त्या सेवांना जोडले जाईपर्यंत पुढे ढकलली जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अशी तरतूद असलेल्या काउंटीत भूसंपादनाची औपचारिक कारवाई सुरू करण्यापूर्वी संबंधित सरकारी यंत्रणेला स्थानिक कृषी सल्लागार मंडळाकडे जाहीर सुनावणीची मागणी करावी लागते. मंडळाला संपादन रोखण्याचा अधिकार नाही. पण जमीन खरोखर लागते का आणि दुसरा पर्याय आहे का, हे प्रश्न सर्वांसमोर विचारले जातात.

अशा सुनावणीला शेतकरी पोहोचूच शकला नाही तर तिचा उपयोग नाही. अमेरिकेत २०२२ च्या कृषी गणनेनुसार शेतकऱ्यांचे सरासरी वय ५८.१ वर्षे होते. या वयात ऐकण्याच्या आणि चालण्याच्या अडचणी अनेकांना असतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी १९९० मध्ये झालेला संघीय कायदा काउंटीलाही लागू आहे. सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा ऐकण्याचे साहाय्यक उपकरण पुरवल्याचा खर्च त्या व्यक्तीकडून वसूल करता येत नाही. शेतजमिनीची योजना राबवायची की नाही हे काउंटी ठरवते. सुनावणी सर्वांसाठी सुगम ठेवणे मात्र तिला बंधनकारक आहे.

व्हीएडीचे हे लाभ ईव्हीएडीतही मिळतात आणि न मोडता येणाऱ्या कराराच्या बदल्यात आणखी काही मिळते. मृदा व जलसंधारणाच्या कामांना राज्याच्या कृषी खर्च-वाटणी कार्यक्रमातून एरवी ७५ टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळते, ते इथे ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शिवाय एकूण विक्रीपैकी २५ टक्क्यांपर्यंत रक्कम बिगरशेती मालातून आली तरी शेताची झोनिंगमधील, म्हणजे जमिनीच्या वापराच्या स्थानिक नियमांतील, सूट टिकते. शेतावरच दुकान चालवणाऱ्या कुटुंबाला ही सवलत मोलाची ठरू शकते.

मालमत्ता करातील सवलत मात्र यांपैकी कोणतीही योजना देत नाही. ती ‘प्रेझेंट-यूज व्हॅल्यू’ म्हणजे जमिनीच्या सध्याच्या वापरानुसार मूल्य धरणाऱ्या स्वतंत्र तरतुदीतून मिळते. तसेच दोन्हींपैकी कोणताही करार जमीन कायमची राखत नाही. त्यासाठी विकासाचे हक्क कायमचे विकण्याचा किंवा दान करण्याचा वेगळा मार्ग आहे.

वारसांमध्ये जमिनीबाबत एकमत नसेल, तर आधी व्हीएडीत जाणे मला शहाणपणाचे वाटते. बांधबंदिस्ती, कुंपण, पाण्याची सोय अशी मोठी कामे काढायची असतील आणि पुढची दहा वर्षे जमीन विकायची नाही हे पक्के असेल, तर ईव्हीएडी निश्चितच सरस आहे. तिचा करार स्वीकारताना एक तारीख लिहून ठेवावी: काउंटीच्या नियमांत दिलेल्या वेळेत नकार कळवला नाही, तर हा करार आपोआप आणखी ३ वर्षांसाठी वाढतो.