मसाला कॉफी

दालचिनी, वेलची, लवंग, सुंठ, जायफळ अशा सुगंधी मसाल्यांचा अर्क मिसळून केलेले कॉफीचे गरम पेय. ते दुधासह किंवा दुधाविना, गोड किंवा बिनसाखरेचे, अशा सगळ्या तऱ्हांनी घेतात. घरी करायला यंत्र लागत नाही; एक पातेले, झाकण, खलबत्ता आणि बारीक गाळणी एवढ्यावर भागते. तरीही घरची मसाला कॉफी पुष्कळदा एकतर काढ्यासारखी लागते, नाहीतर तिच्यात मसाला घातला होता हे पिणाऱ्याला सांगावे लागते. दोन्हींचे कारण बहुधा एकच असते : मसाला आणि कॉफी एकाच वेळी, एकाच आचेवर उकळलेली असतात. मसाल्याला उकळी लागते आणि वेळही लागतो. कॉफीला यांतले काहीच फारसे सोसत नाही. म्हणून आधी मसाल्याचे पाणी, मग त्यात कॉफी आणि शेवटी दूध हा क्रम पाळणे, हेच या पेयाचे खरे तंत्र आहे.

अर्क उतरण्याची क्रिया : दळलेल्या कॉफीतील चवीचे व वासाचे हवेहवेसे घटक ९० ते ९६ °से. तापमानाच्या पाण्यात साधारण चार मिनिटांत उतरतात. त्यापुढे जे उतरत राहते ते मुख्यतः कडू आणि तुरट. कॉफी उकळत ठेवली, तर तिचा हलका सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो आणि पेल्यात येत नाही. मसाल्यांचे उलटे आहे. दालचिनी म्हणजे झाडाची साल, लवंग म्हणजे वाळलेली कळी, सुंठ म्हणजे वाळवलेला कंद. पाणी त्यांच्या आत शिरायलाच काही मिनिटे जातात. शिवाय त्यांचा वास ज्या तेलांत असतो (दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, लवंगेत युजेनॉल, वेलचीत सिनिओल) ती पाण्यात फारच थोडी विरघळतात, स्निग्धांशात मात्र सहज. त्यामुळे मलईच्या दुधातील मसाला कॉफी तोंडात जास्त वेळ रेंगाळते, पण पेला नाकाशी नेताच येणारा पहिला दरवळ थोडा दबतो. साय काढलेल्या दुधात नेमके उलट होते आणि तेवढ्याच लवंगा अधिक बोचतात.

ज्या प्रदेशांत मसाला घातलेली कॉफी जुनी आहे, तेथील पद्धतींतही मसाल्याची गाठ दुधाशी नव्हे, तर कॉफीशी आणि पाण्याशी पडते. अरबी कहव्यात फिकट भाजलेली कॉफी आणि वेलची असते. मेक्सिकोतील ‘काफे दे ओया’ मातीच्या भांड्यात दालचिनी व शुद्ध न केलेली साखर घालून करतात, तर सेनेगलमधील ‘काफे तूबा’साठी सेलिम मिरी (मिऱ्यासारखा तिखट आफ्रिकी मसाला) कॉफीच्या बियांबरोबर दळतात. दूध घालायचे ठरले की कृतीत एक पायरी वाढते, आणि बहुतेक घोटाळे त्याच पायरीवर होतात.

मसाल्यांची निवड : बाजारात दालचिनी या नावाने दोन वेगळ्या साली मिळतात. सिलोन दालचिनी पातळ, अनेक पदरांची व बोटांनी चुरडणारी असते. तिची चव सौम्य, किंचित लिंबासारखी. कॅसिया जाड, एकाच पदराची आणि कडक असते. तिची चव तिखट-गोड. गडद भाजलेल्या कॉफीसमोर कॅसिया चांगली टिकते, सिलोनचा नाजूकपणा तिथे हरवतो. मात्र कॅसियात कुमारिन हे यकृताला अपायकारक ठरू शकणारे द्रव्य बरेच असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सह्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिग्रॅ. ठरवली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिग्रॅ. कॅसियाच्या चमचाभर पुडीत तेवढे कुमारिन सहज भरू शकते. अधूनमधून पिणाऱ्याने काळजी करण्याचे कारण नाही. रोज पिणाऱ्याने, त्यातही पूड वापरणाऱ्याने, सिलोन घ्यावी.

वेलची हिरवी आणि अखंड सालीची घ्यावी. सोलल्यावर दाणे काळे व चिकट निघाले तर ती ताजी. तपकिरी, कोरडे व सुटे निघाले तर वास निम्मा गेला असे समजावे. सालीला वास बेताचाच असतो, आणि ती फार उकळली तर पाणी लाकडासारखे लागते. मसाल्याची मोठी काळी वेलची धुरावर वाळवलेली असते. कॉफीच्या भाजक्या वासावर तो धूर चढला की पेय करपल्यासारखे वाटते, म्हणून ती टाळावी. लवंगेच्या देठावर नख दाबले की तेलाचा ओलावा दिसला पाहिजे. एका पेल्याला एक लवंग पुरे. दुसरी घातली की बाकी सगळे मसाले तिच्यामागे दडतात आणि जिभेला बधिरपणा येतो, कारण युजेनॉल हे सौम्य भूल देणारे द्रव्य आहे.

सुंठ आणि आले एकमेकांच्या जागी चालतात, पण परिणाम वेगळा होतो. आल्यातील जिंजरॉलचे वाळताना शोगॉल होते आणि ते अधिक तिखट असते. म्हणून सुंठेचा झणका घशात जाणवतो, आल्याचा जिभेवर. कॉफीला सुंठ जास्त मानवते. मिऱ्यांतील पायपरिन हे तिखट द्रव्य पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, तेव्हा मिरे फोडूनच घालावेत. चक्रीफूल घालायचेच झाले तर दोन पाकळ्या. त्याची बडीशेपेसारखी गोडी कॉफीला पटकन गिळते. जायफळ कधीही उकळू नये, ते शेवटी वरून किसावे. चिमूटभर जायफळ निर्धोक असते, पण पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक एकदम पोटात गेल्यास मळमळ, धडधड व भ्रम होऊ शकतो, हे हौसेने किसत बसणाऱ्याने लक्षात ठेवावे. केशर कॉफीत वाया जाते.

प्रमाण व कृती : दोन पेल्यांसाठी पाणी २६० मिलि., दूध १६० मिलि., भरड दळलेली मध्यम किंवा गडद भाजणीची कॉफी २० ग्रॅम (सपाट चार मोठे चमचे), दालचिनीचा ५ सेंमी.चा तुकडा, हिरव्या वेलच्या ३, लवंगा २, मिरे ३, सुंठेचा १ सेंमी.चा तुकडा, साखर चवीप्रमाणे. पाणी जास्त वाटेल, पण हिशेब असा आहे : झाकण ठेवून मंद आचेवर सुमारे ३० मिलि. पाणी आटते, आणि कॉफीचा चोथा स्वतःच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे ४० मिलि. पाणी धरून ठेवतो. हाती १९० मिलि. कडक कॉफी येते. दूध धरून ३५० मिलि.

दालचिनी, सुंठ व मिरे खलबत्त्यात फक्त ठेचावेत. पूड करू नये. लवंगा अख्ख्याच ठेवाव्यात, म्हणजे नंतर चमच्याने उचलता येतात. कोरड्या पातेल्यात हे चारही मसाले मंद आचेवर अर्धा-पाऊण मिनिट गरम करावेत. वास सुटला की लगेच पाणी ओतावे. धूर दिसला तर ते मसाले टाकून द्यावेत, कारण करपलेल्या लवंगेचा कडवटपणा साखरेने जात नाही. पाण्याला उकळी आली की आच कमी करून झाकण ठेवावे आणि सात-आठ मिनिटे बारीक उकळू द्यावे. झाकणाला महत्त्व आहे : त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब चाखून पाहिले तर मसाल्याचा वास कुठे चालला होता ते कळते. हे थेंब पातेल्यातच झटकावेत. शेवटच्या दोन मिनिटांत वेलच्या सालीसकट ठेचून घालाव्यात.

आच बंद करून लवंगा काढाव्यात. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिनिटापर्यंत थांबून कॉफी घालावी, सगळी भिजेल अशी एकदाच ढवळावी आणि झाकून चार मिनिटे ठेवावी. या चार मिनिटांत दूध वेगळ्या भांड्यात तापवावे. मग कॉफी बारीक गाळणीतून, शक्यतो ओल्या सुती फडक्यातून गाळावी. फडके पिळू नये. पिळल्याने चमचा-दोन चमचे कॉफी जास्त मिळते, पण त्याबरोबर बारीक गाळ आणि तुरटपणाही उतरतो. गाळलेली कॉफी पेल्यांत ओतून साखर विरघळवावी, वरून दूध घालावे आणि जायफळ किसावे. दाण्याएवढे मीठ घातल्यास कडवटपणा दबतो. मिठाची चव लागली तर ते जास्त झाले.

विरघळणारी झटपट कॉफी वापरायची तर मुरवण्याची पायरीच नाही. मसाल्याचे पाणी गाळून घ्यावे आणि पेल्यामागे २ ग्रॅम पूड त्यात ढवळावी. चोथा पाणी पीत नसल्याने सुरुवातीचे पाणी २२० मिलि. पुरते.

दूध : ६० ते ६५ °से.ला दुधाची गोडी सर्वांत चांगली जाणवते आणि फेसही टिकाऊ होतो. ७० °से.च्या वर दुधातील प्रथिने बदलू लागतात व उकळलेल्या दुधाचा वास येतो, जो वेलचीला मारक ठरतो. तापमापक नसेल तर भांड्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसू लागली की उतरवावे. उकळी येऊ देऊ नये. फेस हवा असल्यास झाकणाच्या बरणीत निम्मेच दूध भरून अर्धा मिनिट हलवावे. पूर्ण भरलेल्या गरम बरणीचे झाकण उडते.

दूध फाटण्याचा दोष सहसा दुधावर ढकलला जातो, पण कारणे तीन असतात. पहिले, कच्चे आले. त्यात जिंजिबेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर (एंझाइम) असते आणि ते कोमट-गरम दुधात, साधारण ६० °से.च्या आसपास, जोमाने काम करते. आले आधी पाण्यात खळखळून उकळले की ते निष्प्रभ होते. कोमट दुधात आले किसणे म्हणजे दूध नासवण्याचीच कृती. दुसरे, गूळ. त्यातील आम्लता व क्षार यांमुळे उकळत्या दुधात गूळ घातला तर ते फाटू शकते. तो मसाल्याच्या पाण्यात विरघळवून गाळावा आणि दूध शेवटी, आच बंद असताना मिसळावे. तिसरे, कॉफीची स्वतःची आम्लता. कॉफीचा सामू (pH; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५ असतो आणि दुधातील केसीन हे प्रथिन ४.६च्या सुमारास साकळते. म्हणजे अंतर फार नाही. ताजे दूध ते निभावते, आंबू लागलेले निभावत नाही. फिकट भाजणीची कॉफी अधिक आम्ल असते. सोयाच्या दुधाची गत याहून नाजूक : ते आधी गरम करून पेल्यात घ्यावे आणि त्यावर किंचित निवलेली कॉफी हळूहळू ओतावी.

बिघडण्याची इतर कारणे : पेल्याच्या तळाशी बुळबुळीत थर बसला तर दालचिनीची पूड वापरलेली असते. ती विरघळत नाही. पाणी शोषून फुगते आणि तिच्यातील चिकट द्रव्यामुळे तार धरते. कागदी फिल्टरमध्ये कॉफीबरोबर पूड घातल्यास छिद्रे बुजतात, पाणी तुंबते आणि कॉफी जास्त मुरून कडू होते. वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राच्या जाळीत तर मसाला मुळीच घालू नये. पूड अडकते आणि तेलाचा वास पुढच्या कित्येक कॉफींना येतो. पेय पाणचट लागले तर मसाला वाढवण्याआधी कॉफी वाढवून पाहावी, कारण फिक्या कॉफीत मसाला सुटा पडतो आणि उगाच जास्त वाटतो. तयार पेय पुन्हा उकळू नये. उरलेच तर गार करून प्यावे.

पाक व पूड : रोज मसाला उकळण्याऐवजी पाक करून ठेवणे सोयीचे पडते. २०० ग्रॅम साखर, २०० मिलि. पाणी, दालचिनीचे दोन तुकडे, लवंगा ४, ठेचलेल्या वेलच्या ८ व सुंठेचा तुकडा मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावा, झाकून अर्धा तास मुरवावा, गाळून स्वच्छ कोरड्या बाटलीत भरावा. शीतकपाटात तो दोन आठवडे चांगला राहतो. गढूळ झाला किंवा फेस आला तर टाकावा. पेल्याला दोन ते तीन चहाचे चमचे लागतात. थंड कॉफीसाठी हा पाकच बरा, कारण गार पाण्यात अख्खे मसाले रात्रभर ठेवले तरी गरम पाण्याइतका अर्क उतरत नाही.

पूडच हवी असेल तर वजनाने दालचिनी ४ भाग, सुंठ २, वेलचीचे दाणे २, जायफळ १, लवंग अर्धा भाग असे घेऊन पाव चमचा पूड एका पेल्यास वापरावी. ती थेट पाण्यावर टाकल्यास तरंगून गुठळ्या धरते. आधी साखरेत कालवून घेतल्यास नीट पसरते. महिनाभर पुरेल एवढीच दळावी.

मसाल्यांमुळे कॉफीतील कॅफीन कमी होत नाही. वरील प्रमाणातील पेल्यात ते साध्या कडक कॉफीइतकेच असते. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिग्रॅ.पर्यंत आणि गरोदरपणी २०० मिग्रॅ.पर्यंतचे कॅफीन सुरक्षित मानले जाते.

मसाला दळायला कॉफीचे यंत्र वापरू नये. लवंगेचे तेल काही प्रकारच्या प्लॅस्टिकला धुरकट करते व चिरा पाडते, आणि पात्याखाली अडकलेली पूड ब्रशनेही पूर्ण निघत नाही. चुकून वापरलेच, तर मूठभर कोरडे तांदूळ त्यात फिरवून टाकून द्यावेत, मग थोडी जुनी कॉफी दळून तीही टाकावी. सिरॅमिक पात्यांच्या यंत्रात मात्र तांदूळ घालू नयेत. ती सुटी करून ब्रशने साफ करावीत.